मऊ भात, मेतकूट आणि टायटॅनियम

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज जेवणात मसालेभात, अळूवडी आणि जिलबी आहे, आणि त्याच्या तोंडावर आम्ही उभे राहिलो आहोत ते मऊ भातावर बोलायला! पण काळजी नसावी, जिलबी गार व्हायच्या आत आटोपतो.

आम्ही म्हणजे मंडळाच्या ‘मऊ डबा’ उपक्रमात स्वयंपाक करणारी आणि डबे पोचवणारी सहा घरं. आमच्यात डॉक्टर एकही नाही. बहुतेक जण इंजिनिअरिंग करून इथे न्यू जर्सीत आलेले, तिशीतले सॉफ्टवेअरवाले. दातांचं इम्प्लांट करून घेतलेल्या आपल्याच ज्येष्ठ मंडळींच्या घरी आम्ही काही आठवडे डबा देतो. त्यामुळे आज जे सांगू ते स्वयंपाकघरातून शिकलेलं आणि सर्जनना विचारून घेतलेलं आहे. तुमच्या जबड्यात ज्यांनी स्क्रू बसवला त्यांचा शब्द अखेरचा, हे आधीच सांगून ठेवतो.

मंडळी, १९६५ साल आठवा. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. पहिली, अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि आपल्या आधीच्या पिढीतले डॉक्टर, इंजिनिअर इथे येऊ लागले. आज समोरच्या रांगेत बसलेले आजी-आजोबा त्याच दरवाजातून आत आले. दुसरी, त्याच वर्षी मेडिकेअरचा कायदा झाला, आणि त्यात दातांचे नेहमीचे उपचार वगळले गेले. आजही मूळ मेडिकेअर कवळीचा किंवा इम्प्लांटचा खर्च सहसा देत नाही. पासष्ट वर्षांच्या माणसाचं हृदय, गुडघा, डोळा हे शरीराचे भाग, पण दात मात्र जणू उपरे! आणि तिसरी गोष्ट घडली स्वीडनमध्ये. पेर-इंगवार ब्रोनेमार्क या संशोधकाने योस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. आजच्या इम्प्लांटची सुरुवात ती. लार्सन २००६ साली वारले, तोपर्यंत ते इम्प्लांट काम देत होते.

ब्रोनेमार्क मुळात दातांच्या मागे नव्हतेच. १९५० च्या दशकात ते सशाच्या हाडातला रक्तपुरवठा पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण नंतर निघेना! हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं. आपल्याकडे म्हणतात ना, ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’. त्या सशामुळे चणे असलेल्यांना पुन्हा दात मिळण्याची सोय झाली.

आता मुद्द्याची गोष्ट. इम्प्लांट झाल्यावर डॉक्टर ‘मऊ खा’ म्हणून सांगतात. आपण समजतो, दुखतंय म्हणून मऊ खायचं. आठ-दहा दिवसांत सूज उतरते, दुखणं थांबतं, टाके निघतात किंवा विरघळतात, आणि माणूस म्हणतो, ‘झालं, आता आण ती भाकरी!’ इथेच घोटाळा होतो. कारण पहिल्या दिवशी स्क्रूला धरून ठेवलेलं असतं ते फक्त आट्यांनी, म्हणजे लाकडात स्क्रू पिळावा तसं. पुढच्या आठवड्यांत आट्यांभोवतीचं जुनं हाड थोडं झिजतं आणि त्या जागी नवं हाड तयार होऊ लागतं. जुनी पकड सुटत आलेली, नवी अजून पक्की झालेली नाही, असा एक मधला काळ येतो. तो साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमाराचा. म्हणजे ज्या दिवसांत माणसाला सगळ्यांत बरं वाटत असतं, त्याच दिवसांत स्क्रूची पकड पहिल्या दिवसापेक्षाही कमी असू शकते.

गावाकडे घर बांधलेल्यांना हे लगेच कळेल. स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी हात लावला तर दगडासारखा लागतो. म्हणून कुणी खालच्या फळ्या काढतं का? पाणी मारत राहायचं आणि दिवस भरू द्यायचे. जबड्याचंही तसंच. खालच्या जबड्यात हाड जुळायला साधारण तीन महिने, वरच्या जबड्याचं हाड जरा भुसभुशीत, तिथे चार ते सहा महिने लागू शकतात. या काळात इम्प्लांट एखाद-दोन केसांच्या जाडीइतकं जरी पुन्हा पुन्हा हललं, तरी त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतुमय पेशींचा थर तयार होऊ शकतो, आणि मग ते कधीच पक्कं बसत नाही. कडक चकली नेमकं हेच करते. दुखत काहीच नाही, पण आत स्क्रू हलतो.

म्हणून आमच्या डब्याचं पहिलं सूत्र असं: मऊ खाणं दुखण्यासाठी नाही, हाडासाठी आहे. दुखणं थांबलं म्हणून डबा थांबवायचा नाही. सर्जन सांगतील तितके आठवडे, बहुतेकदा सहा ते आठ, तो चालू ठेवायचा. ज्यांना त्याच दिवशी तात्पुरते दात बसवून मिळतात त्यांनी तर जास्तच सांभाळायचं, कारण तोंडात दात दिसतात आणि मोह होतो!

आता डब्यात काय असतं ते सांगतो. सुगरणींनी हसू नये.

पहिले चोवीस तास सगळं गार किंवा जेमतेम कोमट. तोंड बधिर असतं, गरम कढीने जीभ भाजली तरी कळत नाही, शिवाय उष्णतेने रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं. गार दूध, फार आंबट नसलेलं ताक, घुसळलेलं दही, बदाम-पिस्ते नसलेलं साधं आइस्क्रीम. पण हे सगळं वाटीतून किंवा चमच्याने. स्ट्रॉ अजिबात नको, कारण ओढून पिताना जखमेवरची रक्ताची गुठळी निघते. तेच चूळ भरण्याचं. आपल्याला जेवल्यावर खळखळून चूळ भरल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. पहिल्या दिवशी ते पूर्ण बंद. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात हलकेच धरायचं आणि मान वाकवून बेसिनमध्ये पडू द्यायचं, जोरात थुंकायचं नाही.

पुढचा आठवडाभर आपल्या आज्यांनी शेकडो वर्षं आजारी माणसासाठी जे केलं तेच. गुरगुट्या भात, त्यावर तूप आणि मेतकूट. तांदळाची पेज. मुगाचं कढण. शिजवून घोटलेलं साधं वरण. नाचणीचं सत्त्व किंवा आंबील. लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत. दुधी वाफवून मिक्सरमधून काढलेलं सूप. साखर बेताची घातलेली रव्याची खीर, केळ्याचं शिकरण. हे पदार्थ करताना आमच्या लक्षात आलं, की आपल्या मऊ जेवणातला खरा शत्रू दिसत नाही इतका बारीक असतो. तो म्हणजे फोडणी! मोहरी, जिरं, तीळ, खसखस, मिरचीच्या बिया. टाक्यांच्या फटीत एक मोहरी जाऊन बसली की ती काढायला सर्जनच लागतात. म्हणून आम्ही तुपात हिंग-हळद परततो, जिऱ्याची बारीक पूड घालतो, आणि फोडणी द्यायचीच झाली तर ती गाळून ओततो. मेतकूट चाळणीतून काढतो. लोणच्याची फोड नाही, नुसता खार चमच्याच्या टोकावर, तोही पहिला आठवडा उलटल्यावर. तिखट आणि लिंबू तोवर दूरच.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जरा आकार असलेलं जेवण येतं. सांबारात भिजवलेली इडली, मुगाची आसट खिचडी, तांदळाची उकड, मऊ सांजा, वरणात कुस्करलेला फुलका, मऊ पिठलं-भात. खाणाऱ्यांसाठी मऊ शिजवलेलं अंडं, वाफवलेला मासा, पण काटा काढून. आमची कसोटी सोपी आहे: चमच्याच्या पाठीने दाबल्यावर जे सहज चुरडतं ते डब्यात जातं, जे दाताची वाट पाहतं ते जात नाही. आणि चावायचं ते दुसऱ्या बाजूने. पोहे कितीही मऊ केले तरी त्यात शेंगदाणे आणि मोहरी; साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट; म्हणून ते थांबतात. एकादशी मोडायला नको असेल तर वरईचा आसट भात आणि ताक. सुपारी, तंबाखू, सिगरेट या तिघांना मात्र कुठल्याच आठवड्यात प्रवेश नाही. धूम्रपानाने इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो, हे सगळेच सर्जन सांगतात.

इथे आमच्यातल्या इंजिनिअरांनी एक हिशेब मांडला. साठ किलो वजनाच्या ज्येष्ठ माणसाला दिवसाला साधारण साठ ग्रॅम प्रथिनं हवीत असं धरू. जखम भरायची, हाड घडायचं, तर ती लागतातच. एक कप शिजलेल्या भातात असतात जेमतेम चार ग्रॅम. पेजेत त्याहून कमी. साबुदाण्यात जवळजवळ नाहीतच. म्हणजे नुसत्या मऊ भात-तुपावर राहिलेला माणूस पोट भरून जेवतो आणि तरी उपाशी राहतो. सहा आठवड्यांत कपडे सैल होतात, जिना चढताना दम लागतो, आणि आपण म्हणतो, ‘वय झालं!’ वय झालेलं नसतं, वरण पातळ झालेलं असतं.

मग आम्ही डबा बदलला. एक कप शिजलेल्या मुगात चौदा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, एक कप दुधात आठ, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे अठरा. इथे मिळणारं घट्ट ग्रीक योगर्ट पाऊण कप घेतलं तर पंधरा-सतरा. त्यामुळे आता वरण दाट असतं, भातात दूध-दही मुरवलेलं असतं, सुपात पनीर वाटून घातलेलं असतं, आणि गोडाला चक्क्यासारखं बांधलेलं योगर्ट, वेलची घालून. श्रीखंडाला औषध म्हणून मान्यता मिळाली म्हणून आमचे एक काका फार खूष आहेत! मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचा हा हिशेब स्वतःच्या डॉक्टरांना दाखवूनच घ्यावा.

मधुमेहाचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या घराघरात तो आहे. पेज, खीर, शिकरण यांनी साखर पटकन वर जाते. उलट, खाणं निम्म्यावर आलं आणि गोळ्या किंवा इन्सुलिन पूर्वीइतकंच घेतलं, तर साखर खाली घसरून चक्कर येऊ शकते. साखर ताब्यात नसेल तर जखमही रेंगाळते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांशी औषधांच्या मात्रेबद्दल बोलून घ्यावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा हाडांच्या ठिसूळपणासाठीची औषधं चालू असतील तर तेही दातांच्या डॉक्टरांना आठवणीने सांगावं. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये.

आणखी एक आपल्या लोकांचा खास प्रकार म्हणजे भारतवारीतलं इम्प्लांट. इथला खर्च ऐकून अनेक जण पुण्या-मुंबईत करून घेतात, आणि तिथले डॉक्टर उत्तम काम करतात. अडचण डॉक्टरांची नाही, कॅलेंडरची आहे. आपण जातो तीन-चार आठवड्यांसाठी. पहिल्या आठवड्यात स्क्रू बसतो, दुसऱ्यात भाच्याचं लग्न, तिसऱ्यात मावशीकडे पुरणपोळीचं जेवण, आणि सगळीकडे आग्रह! पुरणपोळी दुधात कुस्करून खाता येईल, पण पंगतीतले तळलेले पापड-कुरडया आणि बुंदीचा लाडू? म्हणजे नेमका कच्चा काळ आग्रहाच्या पंगतीत जातो. तेव्हा जाणार असाल तर लग्न आधी, स्क्रू नंतर. आणि परत येताना इम्प्लांटची कंपनी, प्रकार आणि माप लिहिलेलं कार्ड आणि एक्स-रे बरोबर आणा. नाहीतर पुढे वरचा दात बसवायची वेळ आली की इथल्या डॉक्टरांना आतला स्क्रू कुठला हेच शोधत बसावं लागतं.

रक्त थांबत नसेल, ताप आला, तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढली, पू दिसला, इम्प्लांट हलल्यासारखं वाटलं किंवा भूल उतरूनही ओठ-हनुवटी बधिर राहिली, तर डब्याची नव्हे, डॉक्टरांची गरज आहे. त्याच दिवशी फोन करायचा.

मंडळी, आता जे आम्हाला खरं सांगायचं आहे ते. डबे पोचवायला लागल्यावर कळलं, की अडचण अन्नाची अर्धीच आहे. मऊ भात करायला कुकरच्या चार शिट्ट्या पुरतात. पण एकट्या माणसाला एकट्यासाठी चार शिट्ट्या कराव्याशा वाटत नाहीत. आपल्या मंडळातल्या एक काकू, काकांच्या पश्चात एकट्याच राहतात. त्यांचे वरचे दात काढून इम्प्लांट केले तेव्हा त्या तीन महिने मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला आल्या नाहीत. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, ‘अरे, सगळे जेवत असताना मी काय हात बांधून बसू? आणि कोणी विचारलं, तर या वयात दातांचं काय सांगत बसू?’ मुलं दूरच्या राज्यात. ती रोज फोन करत आणि रोज विचारत, ‘जेवलीस का?’ काकू रोज ‘हो’ म्हणत. ते ‘हो’ म्हणजे कधी बिस्किट बुडवलेला चहा, कधी तेही नाही.

त्यांच्याकडे आम्ही डबा नेला तेव्हा ठेवून निघालो नाही. आमच्यातलं कोणी ना कोणी तोच मऊ भात ताटात घेऊन त्यांच्यासमोर बसायचं. पहिल्या दिवशी त्या संकोचल्या. आठवड्याभरात आम्हालाच सांगू लागल्या, ‘कढणात मीठ कमी आहे, आणि भात अजून थोडा गुरगुटा हवा.’ पुढच्या पंधरवड्यात त्यांनी त्यांच्या आईचं मेतकूट आम्हाला शिकवलं. आज आमच्या सहाही घरांत तेच मेतकूट होतं. डबा दिला आम्ही, पण त्यातली चव त्यांची आहे.

म्हणून आमच्या दोन विनंत्या आहेत. एक बिनपैशाची. यापुढे मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात जेवणाच्या टेबलावर एक भांडं मऊ भाताचं आणि एक दाट वरणाचं असू द्या. कुणासाठी म्हणून विचारायचं नाही, पाटी लावायची नाही. ज्याला हवं तो वाढून घेईल. लहान मुलं आणि त्यांच्या आयाही घेतील, म्हणजे कुणाकडे वळून बघायचं कारण उरणार नाही.

दुसरी विनंती निधीची. आजच्या देणगीचे दोन भाग होणार आहेत. एक भाग इथल्या मऊ डब्यासाठी: किराणा, डबे, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना मिक्सर. स्वयंपाक आणि गाडीचं पेट्रोल आमचं. दुसरा भाग महाराष्ट्रातल्या एका वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांच्या कवळ्यांसाठी. त्यांना इम्प्लांट परवडणार नाही, आणि इतक्या उतारवयात अनेकांना ते झेपणारही नाही. पण नीट मापाची कवळी मिळाली तर भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तरी खाता येतो. कवळी बसेपर्यंत आणि हिरड्या सरावेपर्यंत त्यांनाही हेच लागतं: दाट वरण, मऊ भात आणि समोर बसणारं कोणीतरी. त्या महिन्यांचा आहाराचा खर्चही या निधीतून जाईल. पै-पैचा हिशेब मंडळाच्या वार्षिक सभेत मांडला जाईल.

टायटॅनियम हाडाला धरतं हे ब्रोनेमार्क यांनी जगाला दाखवलं. त्याला वेळ लागतो आणि त्या वेळात ते हलू द्यायचं नसतं, एवढंच आम्ही शिकलो. त्या तीन-चार महिन्यांत समोरच्या माणसालाही एकटं पडू द्यायचं नाही, एवढं आपण मिळून करू शकतो. देणगीची पाकिटं प्रत्येक टेबलावर ठेवली आहेत, आणि डब्यासाठी नाव नोंदवायची वही दाराशी आहे. डबा हवा असेल तरी त्यात नाव लिहा, आणि करून द्यायचा असेल तरी.

बोलण्याच्या भरात जिलबी गार झाली असेल तर क्षमस्व. आता पोटभर जेवा, आणि ज्यांचे दात धड आहेत त्यांनी आमच्या वाटणीची एक अळूवडी बाजूला काढून ठेवा!